भाजणीचा एचआर विभाग

कोथरूडच्या दोन खोल्यांतून थालीपिठाची भाजणी विकणाऱ्या एका तरुण संस्थापकाने आपल्या कंपनीचा तक्ता जाहीर केला आहे. वर स्वतः, खाली अकरा एआय एजंट. मार्केटिंग, फायनान्स, लीगल, 'ग्रोथ'. सगळ्यांना गोंडस नावं आणि गोल चौकटीत हसरे फोटो. कागदोपत्री ही एकल व्यक्ती कंपनी. 2013च्या कंपनी कायद्याने तिला वार्षिक सर्वसाधारण सभेतूनही सूट दिली आहे. इथे मात्र रोज सकाळी दहाला स्टँडअप होतो.

तेही मान्य. पण एचआर?

एचआर हेडचं नाव अन्वी. अन्वी दर शुक्रवारी टीमचं मनोबल मोजते. ते उत्तम आहे. एकाही एजंटाने गणपतीत गावाला जायला रजा मागितलेली नाही, की बोनसऐवजी सोनपापडीचा डबा मिळाला म्हणून तोंड वाकडं केलेलं नाही. अप्रेझलही झालं. लीगलला 'अपेक्षेपेक्षा सरस', फायनान्सला 'सुधारणेस वाव', कारण त्याने जीएसटीच्या आकड्यात एक शून्य मनाने घातलं होतं. त्याला समज दिली गेली. त्याने तीन परिच्छेदांत दिलगिरी व्यक्त केली आणि पुढच्या महिन्यात ते शून्य पुन्हा घातलं. मग खुद्द संस्थापकाला ताप आला. त्याने रीतसर रजा टाकली. अन्वीने ती मंजूर केली, लवकर बरं वाटो म्हणाली, आणि तुमच्या नसण्याने कामावर काहीही परिणाम होणार नाही, असं आश्वासन दिलं. ते तंतोतंत खरं निघालं. ऑर्डरी वेळेवर गेल्या, कारण भाजणी आई भाजते.

आई तक्त्यात नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभराडाळ, उडीद, धने, प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर. एक करपला की घाणा वाया. अकरांपैकी एकाला तरी तो करपल्याचा वास येतो का? आई फाउंडर नाही, को-फाउंडर नाही, इंटर्नसुद्धा नाही. तिच्या मनोबलाचा प्रश्नच मिटला.

आणि भोसरीचा तो पुठ्ठ्याची खोकी बनवणारा? 2006चा कायदा सांगतो, छोट्या उद्योजकाचे पैसे, करार काहीही असो, 45 दिवसांच्या आत द्या; नाहीतर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पैसे येत नाहीत. त्याच्या प्रत्येक मेसेजला तीन सेकंदांत उत्तर मात्र येतं: 'आपल्या संयमाबद्दल मनःपूर्वक आभार.' पूर्वी पैसे थकवणारा निदान फोन टाळायचा, 'बाबा घरात नाहीत' असं सांगायला पोराला दारात पाठवायचा. त्यात थोडी तरी लाज होती. आता ती लाजही एजंटाकडे सोपवली. अरे, अकरा तोंडं कशाला पोसतोस, एक हात खिशात घाल ना! पण नाही. थकबाकीवर 'सप्लायर रिलेशन्स' नावाचा बारावा एजंट येतोय म्हणे.

एका कागदावर मात्र आईचं नाव आहे. एकल व्यक्ती कंपनी काढताना नॉमिनी द्यावा लागतो. मालकाचं काही बरंवाईट झालं तर कंपनी त्याच्या गळ्यात. त्याची लेखी संमती हवी, आणि तो हाडामांसाचा भारतीय नागरिकच हवा. अकराच्या अकरा तिथेच बाद झाले. आईने सही केली आणि म्हणाली, "आधी त्या खोकीवाल्याचं देऊन टाक, उद्या तो माझ्या दारात यायचा."

अन्वीने याची 'अंतर्गत अभिप्राय' म्हणून नोंद घेतली आहे.