पंधरा मिनिटांची सुभेदारी

आमचं मानपूर मुळातच सवतं. इंग्रजांच्या काळात चहूकडे संस्थानं आणि मधोमध हा एवढासा परगणा मात्र थेट गोऱ्या साहेबाचा. होळकरांचा हुकूम आमच्या वेशीबाहेरच थांबायचा. आता तोच मान माझ्या कॉम्प्युटरनं घेतलाय. त्याच्या वेशीबाहेर मी थांबतो.

भाच्यानं जुन्या यंत्रावर डेबियन लिनक्स चढवून दिलं आणि तो इंदूरला निघून गेला. प्रिंटर जोडायचा म्हणून मी साहेबी अधिकाराचा 'सुडो' लावून हुकूम सोडला, पासवर्ड दिला. (तो टाइप करताना पडद्यावर साधा ठिपकासुद्धा उमटत नाही, सगळा बोटांवर भरवसा.) उत्तर आलं: तुमचं नाव यादीत नाही, हा प्रकार वर कळवला जाईल. वर म्हणजे कुठे? वर आमच्या गच्चीवर पापड वाळत होते.

"मामा, मी टाकतानाच रूटला, म्हणजे यंत्राच्या बड्या साहेबाला, वेगळा पासवर्ड दिला ना," भाचा फोनवर म्हणाला, "मग डेबियन तुम्हाला आपणहून यादीत घेत नाही. आधी एस-यू करा. एस, यू, स्पेस, आडवी रेघ. रेघ सोडू नका हं!"

रेघेत काय एवढं? तर रेघेशिवाय माणूस रूट होतो, पण वाटा जुन्याच राहतात. यादीत नाव घालणारा 'युजरमॉड' हाकेच्या अंतरावर असतो आणि यंत्र म्हणतं, असा हुकूम सापडत नाही. राज्याभिषेक झाला, जामदारखान्याची किल्ली तेवढी राहिली. रेघ ओढली आणि डॉलरच्या चिन्हाजागी हॅश आला. मी खुर्चीत जरा ताठ बसलो.

हा एस-यू 1971च्या पहिल्या युनिक्सपासूनचा. कारभार अस्सल मानपुरी: थेट साहेबच व्हायचं, आणि 'एक्झिट' म्हणेपर्यंत साहेबच राहायचं. मग पुसायच्या हुकुमात एक स्पेस भलतीकडे पडली, तर अडवणारं कोणी नाही. सुडो 1980च्या सुमाराला अमेरिकेत, बफेलोच्या विद्यापीठात, बॉब कॉगशल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिलं. ते मात्र घाट उतरून पुढे लागणाऱ्या महेश्वरच्या वळणाचं. अहिल्याबाईंचे हुकूम श्री शंकराच्या नावानं निघत. राज्य देवाचं, आपण कारभारी. सुडोतही नाव रूटचं, पासवर्ड आपला, अधिकार त्या हुकुमापुरता, आणि प्रत्येक हुकुमाची नोंद. डेबियनवर पंधरा मिनिटं गप्प बसलात की पुन्हा ओळख पटवा. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना ही सोय बसवता आली तर बघतो.

नाव यादीत गेलं. बाहेर पडून पुन्हा आत आलो, प्रिंटरही जोडला. मग अधिकार हाती आहेच म्हणून नोंदवही उघडली, तर मघाचा प्रकार वेळेसकट तिथे लिहिलेला. आरोपी मी, तपास अधिकारी मी. चौकशी चालू आहे, आणि आरोपी सहकार्य करत नाही.