पाणी कुठे मुरतं?

बेंगळुरूत भाड्याचं घर बघायला गेलं की घरमालक तीन प्रश्न विचारतात : गाव कुठलं, कंपनी कुठली आणि घरात माणसं किती. तिसऱ्या प्रश्नातली आपुलकी पाहून मी भारावलो होतो. ती डोकी मोजण्याची सुरुवात होती, हे दहा महिन्यांचं डिपॉझिट दिल्यावर कळलं. ‘‘वॉटर चार्जेस वेगळे हं. माणशी तीनशे,’’ ओनर म्हणाले. आम्ही चौघं. दहा महिन्यांच्या भाड्यावर पाणी सोडून बसलेला माणूस बाराशे रुपयांसाठी कशाला वाद घालेल?

पुढच्याच महिन्यात सोलापूरहून आई आली. पंधरा दिवस राहिली आणि पाचवं डोकं म्हणून तिचे पूर्ण तीनशे लागले. त्यात एक निर्जळी एकादशी होती, निदान त्या दिवसाची तरी सूट द्या, असं मी सुचवलं. ओनर प्रेमाने म्हणाले, ‘‘स्वल्प अडजस्ट माडी.’’ म्हणजे थोडं सांभाळून घ्या. या गावात हे वाक्य सगळेच बोलतात, पण ऐकायचं मात्र भाडेकरूने.

कावेरीबद्दल माझी तक्रार नाही. बिचारी शंभरेक किलोमीटरवरून येते आणि पंपांच्या जोरावर जवळजवळ पाचशे मीटर चढते. एवढं करून ती जलमंडळाच्या नळातून स्वस्तातच मिळते. महाग होते ती शेवटच्या तीस फुटांत, ओनरच्या संपापासून, म्हणजे जमिनीखालच्या टाकीपासून, माझ्या बादलीपर्यंत. एप्रिल 2025 मध्ये अकरा वर्षांनी पाण्याचे दर वाढले. पहिल्या आठ हजार लिटरसाठी वाढ होती लिटरमागे 0.15 पैसे, म्हणजे आठ हजार लिटरला बारा रुपये. आमच्याकडे ही वाढ माणशी शंभर झाली. मी विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘‘पेपर वाचत नाही का? गव्हर्नमेंटनेच रेट वाढवलाय.’’

मी बिल दाखवा म्हटलं. मीटर सगळ्या इमारतीला एक, बिल ओनरच्या नावावर, आणि ते म्हणे मुलाच्या मोबाइलवर येतं. मुलगा टेक्सासमध्ये.

2024 च्या उन्हाळ्यात तर शहराच्याच तोंडचं पाणी पळालं होतं. उपमुख्यमंत्र्यांनी आपल्या घरची बोअरवेल आटल्याचं जाहीर सांगितलं. प्रशासनाने टँकरचे दर बांधून दिले : पाच किलोमीटरच्या आत बारा हजार लिटरला हजार रुपये. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजारांचा दंड. आमच्याकडे तेव्हा टँकरचा खर्च सगळ्यांत ‘समान’ वाटला गेला. म्हणजे तीन भाडेकरूंत समान. ओनर त्या वाटणीत नव्हते, कारण टँकर त्यांनी फोन करून मागवला होता. श्रमदान!

अखेर मी कायदा उघडला. कर्नाटकाचा 1999 चा भाडे कायदा आहे, पण बेंगळुरूत महिना साडेतीन हजारांहून जास्त भाड्याच्या घराला तो लागूच नाही. एवढ्यात इथे स्कूटर लावायला जागा मिळाली तरी नशीब. मग केंद्राचा 2021 चा नमुना भाडेकरू कायदा पाहिला. त्यात डिपॉझिट दोन महिन्यांचं. बेंगळुरूत हे वाचून दाखवलं तर लोक विनोद समजून हसतात. त्यात कामांची वाटणीही आहे : नळाचा वॉशर भाडेकरूने बदलायचा, पाइप घरमालकाने. पण तो नमुनाच. राज्याने स्वीकारला तर कायदा, नाहीतर वाचनीय साहित्य.

शेवटी निकाल प्लंबरने दिला. गेल्या महिन्यात मोटर बिघडली म्हणून तो संपात उतरला आणि वर येऊन म्हणाला, ‘‘सार, खाली भेग आहे. अर्धं पाणी जमिनीत जातंय.’’ पाणी कुठेतरी मुरतंय, असं मी वर्षभर म्हणत होतो. ते इतकं शब्दशः खरं असेल, असं वाटलं नव्हतं. ओनरनी गंभीरपणे भेगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, ‘‘बघा, उगीच नाही इतकं पाणी लागत. आता माणशी पाचशे करावे लागतील.’’

तेव्हा करारावर सही करण्याआधी मित्रहो, चार ओळी लिहून घ्या : मीटर वेगळा की सामायिक, सामायिक असेल तर बिलाची प्रत दर महिन्याला, टँकरच्या वाटणीत ओनर आहेत की नाहीत, आणि पाहुणा किती दिवसांनी ‘डोकं’ होतो. पाण्याचे पैसे भाडेकरूनेच द्यावेत, त्याबद्दल माझं दुमत नाही. वापरलेल्या पाण्याचे. मुरलेल्या पाण्याचे, ज्याच्या जमिनीत मुरलं त्याने.