मंगल कार्यालयातली नृत्यसंध्या

"काकू, काल तुमची खुर्ची मोकळीच राहिली की! तिकीट तर फाडलं होतं तुमच्या नावचं."

"फाडलं होतं, पण गुडघा ऐकेना. आणि तिकीट घेतलं म्हणजे गेलंच पाहिजे असं कुठाय? ऊसतोडीवाल्यांच्या पोरांना मदत पोचली म्हणजे झालं. ये, अशी भिंतीजवळ ये. ह्या पावट्याच्या शेंगा सोलू लाग मला आणि पहिल्यापासून सांग. मधलं काही गाळू नकोस."

"गाळतेय कशाला? तिकिटाच्या टेबलावर मीच बसले होते, आत येणारा आणि बाहेर जाणारा एकूण एक माणूस बघितलाय. पहिली गोष्ट म्हणजे जागा. मंगल कार्यालय! नवरा-नवरीच्या सोनेरी खुर्च्या कडेला सरकवून त्यावर चादर टाकली होती. मागं 'शुभविवाह' लिहिलेलं काढायचं राहिलं, म्हणून त्यावर क्लासचा बॅनर. बॅनर आखूड पडला. पोरी गणेशवंदनेला उभ्या राहिल्या तर डोक्यावर नुसतं 'शुभ' दिसत होतं."

"बरंच झालं की मग. केशवराव भोसले नाट्यगृह असतं तर ही वेळ आली नसती."

"ते तर आहेच. 2024 च्या 8 ऑगस्टला रात्री आग लागली आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, काहीतरीच!"

"मला अजून त्या रस्त्यानं जावंसं वाटत नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 सालचं. आधी पॅलेस थिएटर म्हणायचे. तिथं मागं बसलं तरी नटाचा उसासा ऐकू यायचा. तुमच्या मंगल कार्यालयात काय ऐकू येणार? भांड्यांचा आवाज."

"तसंच झालं की! ऐन तराण्यात मागं कुणीतरी पातेलं आपटलं, आणि पहिल्या ओळीतल्या दोन पोरी हसायला लागल्या. क्लासच्या मॅडमनी पडद्याआडून असे डोळे वटारले म्हणता! पण नाच चांगला बसवला होता, खोटं कशाला बोलू. वकीलवहिनींची धाकटी काय नाचली! मध्यमाची परीक्षा दिलीय म्हणे तिनं. पायात वजन आहे, चेहरा मात्र परीक्षेला बसल्यासारखाच. नंतर बारक्या पोरींचा नाताळचा नाच. लाल अंगरखे, कापसाच्या दाढ्या. एकीची दाढी सुटून घुंगरात अडकली, ती एका पायानं दाढी ओढत तसाच नाच पुरा करून गेली. टाळ्या सगळ्यांत जास्त तिला."

"आणि पाहुणे?"

"पाहुणे पाऊण तास उशिरा. मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. ज्यांनी माईक दिला त्यांचा सत्कार, ज्यांनी जेवण दिलं त्यांचा सत्कार. एका गृहस्थांचा सत्कार का झाला ते त्यांनाही कळलं नाही, पण शाल घेतली त्यांनी."

"आणि पोरं? ज्यांच्यासाठी एवढा घाट घातला ती?"

"तेच सांगतेय. पोरं आली संध्याकाळी सहाला, नदीपलीकडच्या माळावरच्या पालांवरून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून. मुकादम स्वतः घेऊन आला. बीडकडची सगळी. धुतलेले कपडे, तेल लावून चापून बसवलेले केस. सोफ्यांच्या पुढं सतरंजीवर बसवली. पहिला नाच डोळे फाडून बघितला. दुसऱ्याला मागचे सोफेवाले म्हणाले, पोरांना जरा खाली वाका म्हणा, दिसत नाही. तिसऱ्यापर्यंत निम्मी पोरं एकमेकांच्या अंगावर झोपलेली."

"झोपली? एवढ्या आवाजात?"

"झोपणार नाहीत तर काय! मी मुकादमाला विचारलं. म्हणाला, ताई, आई-बाप अंधारात उठून फडावर जातात. गाडी भरायला रात्री-अपरात्री हाक आली तर तेव्हाही जायचं. मग पोरगं एकटं खोपीत ठेवायचं का? तेही उठतं. चालणारी पोरं आईच्या मागं मोळ्या गोळा करतात, आणि आठ-नऊ वर्षांची पोरगी असली तर बारकं तिच्या कडेवर. आपल्या पोरींना नाताळची सुट्टी होती काकू, म्हणून कार्यक्रम आत्ता घेतला. त्या पोरांना सुट्टी कुठली? दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीवर, ते परत गावाकडं मार्च-एप्रिलात."

"आणि शाळा?"

"गावात नाव असतं. इथं असली तर साखरशाळा, नसली तर नाही."

"ह्या कोल्हापुरात! आमचे मामंजी सांगायचे, 1917 साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं, तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड होता. त्या काळचा रुपया! आता दंड करायचा तर कुणाला? बापाला, मुकादमाला, कारखान्याला?"

"मला विचाराल तर यादी मोठी होईल. सरकारनं 2021 साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना काढलीय. पोरांनी मागं गावाकडंच राहून शिकावं म्हणून 41 तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी 82 वसतिगृहं ठरवली. चांगलीच आहे. पण दोन वर्षांचं पोर वसतिगृहात कसं ठेवायचं? ते आईबरोबर फडावरच येणार. आणि त्याला सांभाळायला मोठी बहीण येणार. तिचं वसतिगृह तिथंच राहिलं."

"शेंग किडकी निघाली बघ, ती टाक. बरं, पैशाचं सांग. जमले किती?"

"आकडा मी भिंतीवरून सांगत नाही, तुमच्या पलीकडं वकीलवहिनींची खिडकी उघडी आहे. पण गेले कुठं ते सांगते. कार्यालयाचं भाडं, माईक-लाईट, मेकअपवाली, व्हिडिओवाला, पाहुण्यांचं जेवण, त्या शाली. आणि ड्रेपरी! एकेका पोरीला तीन-तीन ड्रेपऱ्या. मी सहज हिशेब केला. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, तो झाला टनाला 366 रुपये. आपल्या एका पोरीच्या एका ड्रेपरीचं भाडं साधारण तेवढंच. म्हणजे नवरा-बायकोनं मिळून एक टन ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, तेव्हा एक लाल अंगरखा एका संध्याकाळपुरता."

"आणि तो टनाचा पैसाही हातात कुठं येतो? उचल फेडायची असते आधी."

"हंगामाआधीच घेऊन खाल्लेली. कोयत्यामागं. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात ना."

"हे बघ, ड्रेपरीवर मी तुझ्यासारखी चिडत नाही. पोरींना हौस असते, आयांना त्याहून जास्त असते. नाच ड्रेपरीशिवाय दिसत नाही. माझी भाची न्यू जर्सीत आहे ना, तिची मुलगी डिसेंबरात त्या 'नटक्रॅकर' बॅलेत उंदीर होते. दोन वर्षं झाली, उंदीरच. शेपूटसुद्धा शिवून घ्यावी लागते म्हणे. चायकोव्हस्कीचं संगीत, 1892 साली रशियात पहिल्यांदा झालं आणि फारसं कुणाला आवडलं नव्हतं. आता अमेरिकेत नाताळ आला की गावोगाव तेच. मोठमोठ्या नाच कंपन्यांची वर्षाची बरीचशी मिळकत त्या एका बॅलेतून होते, आणि ते लपवत नाहीत. आमचा खर्च ह्यातून निघतो म्हणून सांगतात, लोक तिकिटं काढतात. तसं मॅडमनी सांगावं की, पोरींचं वर्षाचं गॅदरिंग आहे, या बघायला. मी तेव्हाही तिकीट घेतलं असतं."

"तेच माझं म्हणणं! ऊसतोडीची पोरं बॅनरवर कशाला? त्यांच्या नावानं तिकीट खपवायचं आणि शिल्लक राहील तेवढं त्यांना."

"मदतीचा खेळ कसा असतो ते ह्याच गावच्या माणसानं दाखवलंय. 1921 सालच्या जुलैची 8 तारीख. टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईला संयुक्त मानापमान. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन वेगळ्या कंपन्यांचे मालक, एकमेकांच्या तोडीस तोड, एका रंगमंचावर. लोक तुटून पडले तिकिटांवर. पैसा कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक, आणि खेळ असा की पुढं जन्मभर सांगावा. त्याच ऑक्टोबरात केशवराव गेले. एकतीस वर्षांचे होते फक्त."

"तुम्ही मानापमानावर गेलात की दुपार जाते काकू. पुढचं ऐका, खरी गंमत वाटपात झाली. नाच संपले, झोपलेली पोरं हलवून उठवली, रांग केली. प्रत्येकाला ब्लँकेट आणि वह्या. द्यायला पाहुणे, काढायला फोटोग्राफर. एका पोरानं ब्लँकेट घेतलं आणि पळालं, तर त्याला परत बोलावलं, फोटो नीट आला नाही म्हणून! दुसऱ्यांदा दिलं त्याला तेच ब्लँकेट. पोराला वाटलं एक काढून घेतायत, त्यानं जे घट्ट धरून ठेवलं! पाहुणे ओढतायत, पोरगं सोडत नाही."

"फोटो आला का तो?"

"तो आला असणारच! तो काही छापणार नाहीत ते."

"मला पाठव."

"बघते. तर त्या पोरांबरोबर चार-पाच बायका आल्या होत्या, अंगावर पिणारी लेकरं घेऊन. वाटप झाल्यावर मॅडमनी मोठ्या कौतुकानं त्यांच्यातल्या एकीला माईक दिला. बोला काहीतरी, कसं वाटलं. ती बाई बुजली नाही. म्हणाली, नाच ग्वाड होता. ब्लँकेटं दिली, बरं झालं, थंडी हाय. पण पहाटं आम्ही फडात गेल्यावर लेकरांपाशी बसायला कुणी मिळंल का? एवढंच. आणि माईक परत दिला."

"आणि मॅडम?"

"मॅडम म्हणाल्या, टाळ्या झाल्या पाहिजेत! झाल्या."

"अगंबाई."

"म्हणजे त्या वाईट नाहीत हो. नंतर बाहेर चपला शोधताना माझ्याजवळ आल्या, म्हणाल्या, अहो, ती काय म्हणाली ते मला आत्ता कळलं. रविवारी क्लासमध्ये हिशेब मांडणार आहेत. थोडे पैसे उरलेत. वकीलवहिनींचं म्हणणं, पुढच्या वर्षीच्या ड्रेपरीला ठेवा. डॉक्टरीणबाई म्हणतात, वॉटर फिल्टर घेऊन द्या, त्यावर नाव घालता येतं. मी म्हटलं, त्या पालांवरचीच एखादी म्हातारी असेल, जिला आता कोयता उचलत नाही. तिला रोजानं पैसे द्या, हंगामभर बारकी पोरं तिच्यापाशी राहतील, आणि मोठ्या पोरी सुटतील शाळेला. नाव घालायला जागा नाही म्हणून सगळ्या गप्प बसल्या."

"म्हातारी एकटी किती पोरं धरणार? एक-दोन बायका हाताशी लागतील. आणि पहाटेच्या थंडीत एखादी शेगडी."

"मग रविवारी या आणि बोला. तुमचं ऐकतात त्या. तुम्ही दोन तिकिटं घेतलीत."

"रविवारचं राहू दे रविवारी. त्या मुकादमाचा नंबर घेतलास का तू? घेतला असशीलच, तू सोडतेस होय! त्याला फोन लाव आणि विचार, माळावर किती बिऱ्हाडं आहेत आणि रांगणारी पोरं किती. आधी ते कळू दे. आणि आमच्या सुनेपुढं एवढ्यात बोलू नकोस, ती म्हणेल सासूबाईंना घरातली नातवंडं सांभाळताना पाठ धरते आणि माळावर जायला बऱ्या!"