मनातलं आणि डोळ्यांपुढचं

चाकणजवळच्या आंबेठाणचे रघुवीर भोपळे 'जादूगार रघुवीर' झाले आणि पुढे मुलगा, नातू असा त्या घराण्यात जादूचा सातबाराच तयार झाला. ती सगळी डोळ्यांची जादू. हल्ली मात्र मेंटलिस्टांचे दिवस आलेत. पेटी नाही, ससा नाही. अंगात जाकीट, हातात कोरी वही. समोरच्याच्या मनातलं नाव, मोबाइलचा पिन, पहिलं प्रेम असलं काहीबाही ओळखून दाखवायचं.

माझं मत डोळ्यांच्या जादूला. तिच्यात सगळा मामला उघड्यावर असतो. बारामतीत राहून मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण लिहिलं. प, फ, ब, भ, म वर्ज्य, कुठेही ओठाला ओठ लागायचा नाही. म्हणजे रामायण सांगायचं आणि 'राम' म्हणायचं नाही! अक्षर न् अक्षर तपासा, हातचलाखी सापडायची नाही.

इंदापूर तालुक्यात तर उजनीचं पाणी आख्खं देऊळ गायब करतं. पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर धरणाच्या फुगवट्यात गेलं, ते दुष्काळी उन्हाळ्यात पाणी हटलं की वर येतं. यात गुपित कसलं? धरणाची टक्केवारी पेपरात छापून येते. तरी लोक पोराबाळांसकट बघायला जातातच.

मनाच्या जादूचं तसं नाही. मांडवात कबुतर नाहीसं झालं की लोक विचारतात, "कसं केलं रे?" मनातलं ओळखलं की 'कसं' राहतं बाजूला, "आता माझं सांगा" म्हणून रांग लागते.

आपल्याकडे हा खेळ नंदीबैलवाला पूर्वापार करत आलाय. ढोलकं गुबुगुबु घुमतं. "पाऊस पडंल का?" नंदी मान हलवतो. "पोरीचं लगीन जमंल का?" पुन्हा मान. तिकडे बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितांची उत्तरं द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकानं 1907 साली दाखवून दिलं, की घोड्याला गणित येत नव्हतं, विचारणारा कळत होता. बरोबर आकडा आला की त्याची मान नकळत हलायची, आणि खूर थांबायचा. नंदीला खूण मालक देतो, हान्सला गिऱ्हाईकच देत होतं. मेंटलिस्टच्या पोतडीतही हे हत्यार असतंच.

म्हणून बारामती त्याला जड जाणार. शरद पवार 1967 साली इथून पहिल्यांदा विधानसभेवर गेले, तेव्हापासून पत्रकारांच्या पिढ्या त्यांचा चेहरा वाचताहेत आणि सकाळी छापलेलं संध्याकाळी गिळताहेत. गावही त्याच तालमीतलं. पारावरच्या एखाद्या आबांना "यंदा मत कुणाला?" विचारून बघा, ते पाऊसपाण्यावर बोलतील.

इंदापूरकडे काम सोपं. गळीत हंगामात ज्याचा ऊस फडात उभा आहे, त्याच्या मनात एकच प्रश्न असतो, "तोड कधी येणार?" तो कुणीही ओळखेल. उत्तरासाठी मात्र कारखान्याच्या चिटबॉयलाच गाठावं लागतं, आणि तो नंदीसारखी सगळ्यांनाच मान हलवतो.