गोमांसाचे हो-फन आणि घरगुती शेगडी

दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये ‘गॉन चाउ ङाउ हो’ हा पदार्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. गोमांसाचे पातळ काप, मुगाचे लांब मोड, कांद्याची पात आणि ‘हो-फन’, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या पातळ थरांच्या रुंद पट्ट्या, हे सारे रस न ठेवता परतून तो होतो. उपाहारगृहातला आचारी तो काही मिनिटांत वाढतो, आणि हा झटपटपणाच पाहणाऱ्याच्या मनात, आपल्यालाही हे घरी सहज जमेल, असा घातक गैरसमज रुजवतो.

तयारीपुरता गृहस्थ कोठेही उणा पडत नाही. मांस धाग्यांना आडवे कापले की धागे आखूड होतात आणि चावताना जबड्याशी भांडत नाहीत, हे तो जाणतो; सोया सॉस, कॉर्नफ्लोअर आणि चिमूटभर खाण्याचा सोडा चोळून काप मुरत ठेवावेत, कारण सोड्यामुळे प्रथिने आचेवर घट्ट आवळली जात नाहीत, हेही त्याला पाठ असते. फ्रिजमध्ये ठिसूळ होऊन एकमेकींना बिलगलेल्या पट्ट्या सोडवताना तर त्याच्या अंगी, एरवी घरात कोणालाही न दिसलेला, संयम संचारतो.

विघ्न येते ते शेगडीपाशी. कँटोनी खवय्ये ज्याला ‘वॉक हेई’ म्हणतात, तो तापलेल्या लोखंडी कढईचा धुरकट खमंगपणा व्यावसायिक चुलीवर उतरतो, आणि तिची आच घरगुती शेगडीच्या कित्येक पट असते. घरी चौघांचे जिन्नस एकदम कढईत लोटले की तिचे तापमान कोसळते, मांसाला पाणी सुटते, आणि ते आटेपर्यंत उष्णता १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच घुटमळते. याउलट मांसाला तपकिरी रंग व खमंगपणा देणारी, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णिलेली अभिक्रिया सुमारे १४० अंशांच्या पुढेच खरा वेग घेते. या ४० अंशांच्या दरीत आजवर किती जेवणे पडली, याची नोंद कोणत्याही इतिहासकाराने ठेवलेली नाही. चिडून झारा जोराने चालवावा, तर पट्ट्यांचा भुगा होतो. त्या चिकटू नयेत म्हणून तेल वाढवावे, तर ते ताटलीत तळाशी साचते. आणि पट्ट्या अखंड राहणे व तळाशी तेल न साचणे याच तर आचाऱ्याच्या कसोटीच्या मुख्य अटी मानल्या जातात.

शास्त्रशुद्ध उपाय एवढाच की, कढई धूर येईपर्यंत तापवून एका वेळी एकाच माणसापुरते परतावे आणि मांस आधी वेगळे काढून शेवटी मिसळावे. या उपायात तत्त्वतः दोष नाही; मात्र कुटुंब ही संस्था हप्त्याहप्त्याने जेवण्यासाठी निर्माण झालेली नसल्यामुळे, चौथी खेप कढईत पडेपर्यंत पहिल्या तीन खेपांचे मानकरी टेबलावरून उठलेले असतात, आणि उठताना ‘आज मांस जरा कमीच होते’ असा अभिप्रायही देऊन जातात.