एक विहीर, दोन चुली

चौलच्या आमच्या घरात माझ्या लहानपणी दोन चुली होत्या. आजोबा आणि त्यांचे थोरले बंधू यांची वाटणी झाली, पण भिंत कुणी घातली नाही. विहीर समाईक, ओटीवरचं घड्याळ समाईक, चुली तेवढ्या वेगळ्या. थोरल्या घरी सोमवार पाळत, आमच्याकडे सोमवारीसुद्धा सोडे शिजत. वास दोन्ही घरांचा, पाप फक्त आमचं.

हे आठवायचं कारण आमचा कॉम्प्युटर. बागेतल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, त्यांची बिलं त्यावर निघतात. 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा मोफत आधार संपला आणि विंडोज 11नं आमच्या मशीनला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. भाचा म्हणाला, "मामा, लिनक्स टाका." पण बिलांचा प्रोग्राम विंडोजशिवाय चालत नाही. म्हणजे दोघांना एकाच घरात नांदवणं आलं.

पहिला प्रयत्न मी कंजूसपणे केला. आहे त्याच ड्राइव्हची वाटणी मांडली. विंडोजचा वाटा आक्रसत असताना पावसाची सर आली, आणि आमच्याकडे सर आली की वीज जाते. इन्व्हर्टरवर पंखा होता, कॉम्प्युटर नव्हता. वीज आली तेव्हा दोन वर्षांचे फोटो आणि नारळाचा हिशेब गेलेला होता. बिलांची प्रत पेनड्राइव्हवर होती म्हणून निभावलं.

मग नवा एसएसडी आणला. भाच्यानं फोनवरून बजावलं, "जुन्या ड्राइव्हवर विंडोज घालून झालं की त्याची केबल काढा, मगच नव्यावर लिनक्स टाका." मला हा सोवळ्याओवळ्याचा अतिरेक वाटला. पण त्याचं म्हणणं खरं होतं. दोन्ही ड्राइव्ह जोडलेले असले तर नव्या पाहुण्याची चालू व्हायची किल्ली बरेचदा जुन्याच्याच ड्राइव्हवर जाऊन बसते. पुढे जुना ड्राइव्ह बिघडला की धडधाकट लिनक्सही दाराबाहेर. केबल काढली की ज्याची किल्ली त्याच्या कनवटीला. मग दोन्ही जोडायचे आणि चालू करताना एफ 12 दाबून आज कुणाकडे जेवायचं ते सांगायचं. केबल काढताना कळलं की खाऱ्या वाऱ्यानं कॅबिनेटच्या स्क्रूंना गंज चढलाय. चौलला गंज चढत नाही तो फक्त तोंडांना.

एकाला कायमचा निरोप का नाही दिला, असं शेजारी विचारतात. त्यांना मी अलिबागची वेधशाळा दाखवतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे दिसत होतं. डॉ. नानाभाई मूस तेव्हा तिथले संचालक. लोखंड टाळून बांधलेली नवी वेधशाळा 1904 साली अलिबागला सुरू झाली. (मुंबईच्या कुलाब्यातून कुलाबा जिल्ह्यात, रायगड हे नाव 1981चं.) पण जुनी लगेच बंद केली नाही. 1906पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेतल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या, मगच कुलाब्याच्या थांबवल्या. ट्राम धावली 1907ला. इतकी सबुरी मला वीज जाण्याआधी सुचायला हवी होती.

तर चुली वेगळ्या झाल्या. विहीर मात्र एक, म्हणजे दोघांनी वापरायचा फायलींचा ड्राइव्ह. विंडोजला एक खोड आहे: 'बंद करा' म्हटलं तरी ते पुरतं बंद होत नाही, अर्धवट डुलकी घेतं. थोरल्या घरचे कळशी विहिरीत तशीच सोडून दोर कठड्याला बांधून जायचे, तसंच. मग लिनक्स त्या ड्राइव्हवर काही लिहायला तयार होत नाही. 'फास्ट स्टार्टअप' बंद केल्यावर कळशी वर आली.

राहिलं घड्याळ. आमच्या ओटीवर भांडण व्हायचं ते त्याच्यावरूनच, दोन्ही घरं आपापल्या सोयीनं काटे सरकवायची. इथेही तेच. मदरबोर्डवर घड्याळ एकच. लिनक्स त्यात ग्रिनिचची वेळ लावतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोज तीच वेळ चौलची समजतं. विंडोजचं इंटरनेट मी तोडलेलं, त्यामुळे चूक सुधारणारंही कुणी नाही. भर दुपारी बाराला उतरलेल्या पाहुण्यांच्या बिलावर आगमन सकाळी साडेसहा. पाहुणे पुण्याचे. "साडेसहाला आम्ही घरी चहा घेत होतो," त्यांनी शांतपणे सांगितलं आणि अर्ध्या दिवसाचं भाडं जास्त लावलंय का ते दोनदा तपासलं.

मी त्यांना मुंबईची गोष्ट सांगितली. 1 जानेवारी 1906पासून देशाची प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईनं आपली एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सोडली नाही. एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या. पाहुण्यांनी ऐकून घेतलं आणि बिल दुरुस्त करून मागितलं.

भाच्याला विचारलं, माघार कुणी घ्यायची? लिनक्सलाही एका ओळीत समजावता येतं. "थोरल्यानं ऐकायचं," तो म्हणाला. विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद घातली, आता दोघंही एकच वेळ सांगतात.

ओटीवरचं घड्याळ अजून तिथेच आहे. किल्ली कुणी द्यायची ते वाटणीत ठरलं नव्हतं, म्हणून ते पावणेचारला थांबलेलं आहे.