खानदेशची बिनपाण्याची बंदरं

क्रूझवर जाऊन आलेल्या माणसांची दोनच गाऱ्हाणी असतात. एक, जेवण फार होतं. आणि दोन, मधल्या एका बंदरात उगाच थांबवलं. पहिलं गाऱ्हाणं म्हणजे नटवलेलं कौतुक, ते सोडून द्यावं. दुसरं मात्र पोटतिडकीने सांगितलं जातं. जहाज सकाळी सकाळी कुठल्याशा गावाला लागतं. उतरलं की टी-शर्टांची दुकानं, अंगावर धावून येणारे टॅक्सीवाले आणि दुरुस्तीसाठी बंद असलेला एक किल्ला. आमच्या पुण्याच्या मावसभावाने तर अशा बंदरात पायच ठेवला नाही. "ताई, पैसे मी जहाजाचे भरले होते, त्या गावाचे नाही," असं म्हणून तो दिवसभर डेकवर पडून राहिला. गाव कसं होतं, विचारलं, तर म्हणाला, "काही नव्हतं गं तिथे."

उतरला नाही, तरी काही नव्हतं हे त्याला पक्कं ठाऊक. माझे कान टवकारले, कारण हेच वाक्य मी माझ्या दोन्ही गावांबद्दल ऐकत आलेय. माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. म्हणजे एका नकोशा बंदरातून निघून मी दुसऱ्या नकोशा बंदराला लागले.

खानदेशात समुद्र नाही. तापीलासुद्धा तो गाठायचा तर सुरतेच्या पुढे जावं लागतं. पण बंदरं आहेत: भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, धुळे. इथे अख्खा महाराष्ट्र थांबतो, चहा पितो, घड्याळ बघतो आणि पुढे जातो. भुसावळ न पाहिलेला मराठी माणूस विरळा. पण पाहिलेलं असतं ते रात्री दोन वाजता, वरच्या बर्थवरून, एका डोळ्याने. "कुठलं स्टेशन?" "भुसावळ." "अजून भुसावळच?" या दोन प्रश्नांत आमच्या जिल्ह्याचं प्रवासवर्णन आटोपतं.

त्यातलं जळगाव हे अजिंठ्याचं बंदर. लेणी इथून साठेक किलोमीटर. 1819 साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीच्या नादात ती दिसली. तेव्हा रेल्वे नव्हती म्हणून तो जळगावला उतरला नाही. पुढे रेल्वे आली आणि जगभरचे पर्यटक इथे उतरू लागले, फक्त पुढे जाण्यासाठी. पाठीवर भली मोठी पिशवी घेतलेला गोरा पाहुणा स्टेशनबाहेर आला की रिक्षावाला त्याला "कुठे?" असं विचारतही नाही. "अजंता?" एवढंच म्हणतो आणि एसटी स्टँडवर सोडतो.

यात लाजण्यासारखं काही नाही. रोमला जाणारी जहाजं चिविताव्हेक्किया नावाच्या बंदराला लागतात आणि उतारू तिथून थेट रोमची गाडी पकडतात. त्या गावात 1831 पासून फ्रान्सचा वाणिज्यदूत म्हणून स्तांदाल राहत होता, तोच तो थोर कादंबरीकार. त्यालाही तिथे इतका कंटाळा यायचा की संधी मिळाली की तो रोमला पळायचा. रोमच्या दारातल्या गावाची ही कथा, मग जळगावने मनाला किती लावून घ्यायचं?

जळगावच्या बाजूने मात्र एक दैवी योजना आहे. अजिंठा सोमवारी बंद असतो. हे पर्यटकाला रविवारी रात्री लॉजच्या काउंटरवर कळतं. आमच्या ओळखीच्या एका लॉजमालकांनी हा प्रसंग इतक्यांदा पाहिलाय की ते आधी पाण्याची बाटली पुढे करतात आणि मग सांगतात, "साहेब, उद्या सोमवार." पाहुणा खुर्चीत बसतो. थोड्या वेळाने विचारतो, "मग इथे बघण्यासारखं काय आहे?"

आणि इथे आम्ही खानदेशी माणसं घात करतो. कोकणातल्या माणसाला हा प्रश्न विचारा, तो तुम्हाला परसातल्या फणसाची वंशावळ सांगेल. कोल्हापूरकर उठून चपला घालील. आमचा माणूस म्हणतो, "इथे? इथे काय ठेवलंय भाऊ?"

आमचे हे या कलेतले उस्ताद. परवा यांच्या ऑफिसातल्या एका बंगळूरच्या पाहुण्यांना त्यांनी असंच सांगितलं. "काहीच नाही हो. ते गांधीतीर्थ आहे जैन हिल्सवर, 2012 साली झालं, अख्खं गांधीजींवरचं संग्रहालय. पण ते सोडलं तर काही नाही. बहिणाबाई चौधरी इथल्याच, आसोद्याच्या. माहेर तिथलं, सासर जळगावचं. विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे. तेवढंच. तिकडे फैजपूरला 1936 साली काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरलं होतं, नेहरू अध्यक्ष. पण ते झालं, संपलं. पद्मालयाला एकाच गाभाऱ्यात डाव्या आणि उजव्या सोंडेचे दोन गणपती आहेत. अमळनेरला साने गुरुजी शिकवायला होते. आणि हो, तुमची ती विप्रो, ती 1945 साली अमळनेरलाच निघाली, वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून. बाकी मात्र खरंच काही नाही."

पाहुणे बंगळूरचे. विप्रो ऐकल्यावर ते चहा विसरले.

मला विचारलं असतं तर मी एकच गोष्ट सांगितली असती: थंडी असेल तर भरीत खा. हे उगाच सांगत नाही; जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. वांगी म्हणजे तुमची ती जांभळी, काळवंडलेली नव्हेत. ही हिरवट, पांढऱ्या रेघांची, एकेक हातात धरली तर बाळासारखी वजनदार. बामणोदची असली तर विचारायलाच नको. ती गॅसवर भाजायची नाहीत. कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवायच्या आणि त्या जाळात वांगी टाकायची. साल कोळसा होते, आत गर लोण्यासारखा होतो. साल सोलून गर बडगीत घालायचा. ही लाकडी, खोलगट. हिच्यात लाकडी मुसळीने हिरव्या मिरच्या आणि लसूण आधी ठेचलेला असतो, त्यात गर घोटायचा. वरून तेलात परतलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. सोबत पुरी, नाहीतर ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी. हिवाळ्यात शहरात भरीत किलोवर विकत मिळतं आणि माणसं डबे घेऊन रांगेत उभी असतात. पहिल्या घासाला पाहुणा इंग्रजीत काहीतरी बोलतो, दुसऱ्या घासाला मिरची लागते आणि तिसऱ्यापासून तो बोलतच नाही. अजिंठा मंगळवारी असतोच.

भुसावळचा मामला वेगळा. ते रेल्वेने रेल्वेसाठी वसवल्यासारखं गाव आहे. इथे एक फाटा नागपूरकडे जातो, दुसरा खंडव्यावरून इटारसीकडे. गाडी इथे थांबते ती प्रवाशांवर उपकार म्हणून नव्हे, तिचं स्वतःचं काम असतं म्हणून: ड्रायव्हर-गार्ड बदलायचे, पाणी भरायचं. इथे तीन तास अडकलात तर दोनच गोष्टी पाळा. केळी सालीसकट दिसतात तेवढीच घ्या, कापलेली नको. आणि महिना मे असेल तर 'जरा गाव बघून येतो' म्हणून बाहेर पडू नका. पारा 45 च्या पुढे असतो. अशा उन्हात भुसावळकरही भुसावळ बघत नाहीत.

चाळीसगावला मात्र गाडी चुकली तरी चालेल असा एक पत्ता स्टेशनाजवळच आहे. केकी मूस यांचं घर. मुंबईच्या पारशी घराण्यातला, इंग्लंडात कला शिकून आलेला हा माणूस तिशीच्या आत चाळीसगावला आला आणि 1989 साली जाईपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं, घराबाहेर क्वचितच पडला. टेबलावर कागद, काड्या, दिवे मांडून त्याने अशी छायाचित्रं काढली की बघणाऱ्याला वाटावं, याने जग पालथं घातलंय. लोक सांगतात, त्याच्या प्रेयसीने 'पंजाब मेलने येईन, तुझ्याबरोबर जेवेन' असं वचन दिलं होतं. म्हणून रोज रात्री पंजाब मेलच्या वेळेला घराचे दिवे लागायचे, दारं उघडी व्हायची, दोन माणसांचं ताट मांडलं जायचं. गाडी यायची, जायची. ज्या स्टेशनावर सगळे 'कधी एकदा गाडी हलते' म्हणून तळमळतात, तिथे एक माणूस आयुष्यभर कुणीतरी उतरावं म्हणून वाट बघत होता. घराचं आता संग्रहालय झालंय. आजही चाळीसगाव ओलांडताना मी सामान आवरून बसते, उतरायचं नसलं तरी.

राहिलं धुळं. इथे मी जरा हळवी होणार, माहेर आहे.

धुळ्याला येणाऱ्याचा पहिला आक्षेप असा की हे गाव नाही, चौफुली आहे. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूर-धुळे असे तीन महामार्ग इथे एकमेकांना भेटतात, आणि भेटल्यावर सगळेच पुढे निघून जातात. कंडक्टर ओरडतो, "दहा मिनिटं थांबेल गाडी!" आणि त्या दहा मिनिटांत माणसं धुळ्याबद्दल जन्माचं मत बनवतात. स्टँडवरून जगातलं कुठलं गाव चांगलं दिसलंय?

खरं तर धुळं हे महाराष्ट्रातलं आखून-रेखून वसवलेलं गाव. कंपनी सरकारचा कॅप्टन ब्रिग्ज 1818-19 च्या सुमारास इथे आला आणि त्याने पांझरेकाठी सरळ रेषेत रस्ते आखले. म्हणून आमच्याकडे गल्ल्यांना नंबर आहेत. मुली बघायला आलेले लोक "पाचव्या गल्लीतल्या का?" असं विचारतात, आणि त्या उत्तरावर पुढची बोलणी ठरतात. चुकून हरवायचं म्हटलं तरी धुळ्यात हरवता येत नाही. रेल्वेचंही तसंच. चाळीसगावहून येणारे रूळ 1900 सालापासून इथे येऊन संपतात. त्यामुळे धुळ्यावरून रेल्वेने कुणी जात नाही. जो येतो तो धुळ्यालाच येतो. आमच्या पाहुणचाराची ही शुद्ध परंपरा आता मोडणार. मनमाड-इंदूर मार्गाला 2024 साली केंद्राने मंजुरी दिली, 309 किलोमीटरचा, धुळ्यावरून जाणारा. माझ्या आजोबांनी या मार्गाची वाट बघितली, वडिलांनी बघितली, आता पाळी माझ्याकडे आलीय.

पण नकोशा मुक्कामाचं सोनं कसं करावं, याचा दाखला धुळ्याने जो दिलाय तो कुठल्या बंदराने दिला नसेल. 1932 साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. याहून नकोसा थांबा कुठला? जहाजावरून निदान 'उतरत नाही' म्हणता येतं. विनोबांनी दर रविवारी कैद्यांसमोर गीतेच्या एका अध्यायावर बोलायला सुरुवात केली. 21 फेब्रुवारीला पहिला अध्याय, 19 जूनला अठरावा. मे महिना मध्ये गेला, तोही धुळ्याचा. समोर साने गुरुजी बसून उतरवून घेत होते. तीच 'गीता प्रवचने'. आणि इतिहासाचार्य राजवाडे? महाराष्ट्रभर पायपीट करून कागद गोळा करणारा तो माणूस शेवटी धुळ्याला आला आणि 1926 च्या शेवटच्या दिवशी इथेच गेला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही त्यांचं दप्तर सांभाळतंय. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितं आहेत. स्टँडपासून रिक्षाने जाऊन यावं, पुढची बस मिळतेच.

हे सगळं माझ्या आईला ठाऊक नसतं असं नाही. पण दारात पाहुणा आला की ती यातलं काही सांगत नाही. "कवय उनी व माय? चाल, जेवाले बठ," म्हणते आणि खापरावर पुरणाचा मांडा टाकते. राजवाडे, विनोबा सगळे जेवणानंतर.

मावसभाऊ डिसेंबरात अजिंठ्याला येणार आहे. मी त्याला सोमवारी पोहोचणारी गाडी काढून दिलीय आणि कारण सांगितलेलं नाही. तुम्हालाही तेच सांगणं. खानदेशात यायचं तर थंडीत या. 'बघायला काय आहे' असं विचारू नका, आम्ही 'काही नाही' म्हणणार. 'आज जेवायला काय आहे' असं विचारा. पहिल्या 'काही नाही'वर विश्वास ठेवू नका, पाच मिनिटं गप्प बसा, बाकीचं आम्हीच बोलतो. आणि मुक्काम एका रात्रीचा ठेवलेला असेल तर तिकीट बदलता येईल असंच काढा.